ग्रंथालयाच्या खात्यांसाठी पासकी आणि सामायिक तिजोरी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

शनिवार, ७ जून २०२५

मे महिन्याच्या अखेरीस ग्रंथालयाच्या ईमेल खात्याच्या बाबतीत जो प्रकार घडला, त्यानंतर कार्यकारी मंडळाने सर्व खात्यांच्या सुरक्षिततेचे काम माझ्याकडे सोपवले आहे. मी पुण्यात नोकरी करतो आणि शनिवारी गावी येतो, त्यामुळे या नोंदी बहुतेक शनिवारच्याच असतील.

प्रकार असा घडला. साठवणुकीची जागा संपत आल्याची सूचना देणारा एक ईमेल आला. सचिवांनी त्यातील दुव्यावर जाऊन पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला सहा अंकी ओटीपीही टाकला, आणि ते पान बनावट निघाले. पुढच्या अर्ध्या तासात आमच्या पत्त्यावरून पंधरा-वीस सभासदांना तातडीने पैसे पाठवण्याची विनंती गेली. एका सभासद आजींना त्यातील भाषा खटकली. त्यांनी थेट ग्रंथपाल बाईंना फोन करून विचारले, म्हणून कोणाचे पैसे गेले नाहीत. आम्ही १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, पासवर्ड बदलला आणि सगळ्या उपकरणांवरचे लॉगइन रद्द केले.

सचिव आजही बैठकीत फारसे बोलले नाहीत. ते स्वतःला दोष देत आहेत आणि मला ते मान्य नाही, हे मी केवळ त्यांचे मन राखण्यासाठी लिहीत नाही. बनावट पत्त्यात इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसवलेले होते. आमच्या कार्यालयातील जुन्या पडद्यावर ते मलाही दुसऱ्यांदा वाचताना दिसले. ओटीपीचाही उपयोग झाला नाही, कारण असे पान मागच्या बाजूने खऱ्या संकेतस्थळाशी जोडलेले असते आणि आपण टाकलेला आकडा त्याची मुदत संपण्याआधीच तिकडे पोहोचवला जातो. खरे पान कोणते आणि खोटे कोणते हे दर वेळी माणसाने डोळ्यांनी ओळखावे, अशी अपेक्षा ठेवणारी व्यवस्था एक ना एक दिवस फसणारच. म्हणून जिथे जिथे सोय असेल तिथे पासवर्डऐवजी पासकी (त्या त्या संकेतस्थळापुरती डिजिटल किल्ली) वापरायची आणि त्या पासकी कोणा एकाच्या फोनमध्ये न ठेवता संस्थेच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड व पासकी एका कुलूपबंद ‘तिजोरी’त सांभाळणाऱ्या कार्यक्रमात ठेवायच्या, असा प्रस्ताव मी मांडला व तो मंजूर झाला.

आज फक्त खात्यांची यादी केली. बाईंच्या डायरीचे शेवटचे पान, सचिवांच्या खिशातील वही आणि लिपिकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, असे तिन्हीकडचे मिळून २३ खाती निघाली. त्यांतील नऊ खात्यांना एकच पासवर्ड आहे आणि त्यात ग्रंथालयाचे स्थापनावर्ष आहे, जे इमारतीच्या दर्शनी कमानीवर कोरलेले आहे.

शनिवार, १४ जून २०२५

बाईंची अट होती की, जे आपल्याला समजलेले नाही ते त्या सभासदांच्या संस्थेसाठी वापरणार नाहीत. अट योग्यच आहे, म्हणून आजचा दिवस समजून घेण्यात गेला.

पासवर्ड ही दोघांना ठाऊक असलेली गोष्ट असते, आपल्यालाही आणि संकेतस्थळालाही. पासकीमध्ये असे सामायिक गुपित नसते. पासकी करताना किल्ल्यांची एक जोडी तयार होते. तिच्यातील सार्वजनिक किल्ली संकेतस्थळाकडे जाते आणि खासगी किल्ली आपल्याकडेच राहते. लॉगइनच्या वेळी संकेतस्थळ दर खेपेला एक नवा, यादृच्छिक आकडा पाठवते, आपल्याकडील खासगी किल्ली त्यावर सही करते, आणि संकेतस्थळ ती सही स्वतःजवळच्या सार्वजनिक किल्लीने पडताळते. बाई म्हणाल्या, “म्हणजे बँकेत नमुना सहीशी ताडून बघतात, तसंच की.” ही उपमा मला आवडली, पण ती एका ठिकाणी तोकडी पडते. नमुना सही पाहून ती कोणी गिरवू शकतो. सार्वजनिक किल्ली हातात असली तरी तिच्यावरून खासगी किल्ली काढता येत नाही. त्यामुळे उद्या एखाद्या संकेतस्थळाची माहिती चोरीला गेली, तरी चोराच्या हाती लॉगइन करता येईल असे काही लागत नाही.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. पासकी तयार होते तेव्हाच ती कोणत्या संकेतस्थळासाठी आहे ते नाव तिच्याशी बांधले जाते, आणि वापरताना ब्राउझर ते नाव स्वतः ताडून पाहतो. ‘आर’ आणि ‘एन’ जवळ आले म्हणून ब्राउझरला ‘एम’ दिसत नाही. वेबऑथन डॉट आयओ या चाचणीच्या संकेतस्थळावर आम्ही एक खोटे सभासद-नाव घेऊन पासकी केली, बाहेर पडलो, पुन्हा आत गेलो, आणि ब्राउझरने पाठवलेल्या उत्तराचा कच्चा मजकूर पडद्यावर उघडला. त्यात तो यादृच्छिक आकडा होता, संकेतस्थळाचा पूर्ण पत्ता होता आणि शेवटी सही होती. बाईंनी दुसऱ्यांदा लॉगइन करायला लावून दोन्ही वेळचे आकडे कागदावर उतरवून घेतले व ते वेगळे असल्याची खात्री केली.

हे तंत्र काल-परवाचे नाही, हेही मंडळाला सांगायचे आहे. पासवर्डला पर्याय घडवणारी फिडो अलायन्स ही संस्था २०१२ साली स्थापन झाली, पासकीचा पाया असलेले वेबऑथन हे प्रमाण डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने मार्च २०१९ मध्ये अधिकृत केले, आणि ॲपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही कंपन्यांनी मे २०२२ मध्ये त्याला एकत्रित पाठिंबा जाहीर केला. स्वतंत्र पासवर्ड मॅनेजरमध्ये पासकी ठेवण्याची सोय फोनवर २०२३ मध्ये आली: आयफोनवर आयओएस १७ पासून आणि अँड्रॉइडवर चौदाव्या आवृत्तीपासून. हा शेवटचा तपशील पुढे आपल्याला अडचणीत आणणार आहे, असे आत्ताच वाटते, कारण लिपिकाचा फोन जुना आहे.

शनिवार, २१ जून २०२५

पासकी ठेवायच्या कुठे, यावर आज निर्णय झाला. पासकी लिपिकाच्या फोनमध्ये, त्याच्या वैयक्तिक खात्यात ठेवणे सर्वांत सोपे होते आणि त्याने तशी तयारीही दाखवली. परंतु संस्थेची किल्ली एका कर्मचाऱ्याच्या खासगी खात्यात असणे हे संस्थेलाही योग्य नाही आणि त्याच्यावरही अन्यायाचे आहे. त्याचा फोन हरवला किंवा त्याने नोकरी सोडली, तर दोष विनाकारण त्याच्याकडे जाईल. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली आमची संस्था मान्यताप्राप्त आहे आणि अनुदानाचा पत्रव्यवहार याच ईमेलवर चालतो, त्यामुळे ताबा कोणाकडे आहे हा आमच्यासाठी कागदोपत्रीही महत्त्वाचा प्रश्न आहे.

दोन पर्याय समोर ठेवले. कीपासएक्ससी हा मुक्त स्रोत कार्यक्रम २.७.७ या आवृत्तीपासून, म्हणजे मार्च २०२४ पासून पासकी साठवतो, सगळी तिजोरी एका फाइलमध्ये राहते आणि कोणत्याही कंपनीवर अवलंबून राहावे लागत नाही. मला स्वतःला तोच आवडतो. पण चार माणसांनी चार ठिकाणी ती फाइल अद्ययावत ठेवायची म्हणजे कोणीतरी जुन्या प्रतीत बदल करणार आणि नवी पासकी पुसली जाणार, हे मला स्पष्ट दिसते. म्हणून बिटवॉर्डन या पासवर्ड मॅनेजरची चमूसाठी असलेली योजना निवडली. तिचे दर माणशी महिना चार डॉलर आहेत, म्हणजे ग्रंथपाल, सचिव, लिपिक आणि मी अशा चौघांचे सोळा डॉलर. ही रक्कम आमच्यासाठी लहान नाही. अध्यक्ष गुरुजींनी एवढेच विचारले, “एखादं मासिक बंद करावं लागेल का?” नाही लागणार, सभागृहाच्या भाड्यातून ते भागेल असे कोषाध्यक्षांनी सांगितले.

सामायिक तिजोरीचे मालक दोघे असतील, बाई आणि मी. एकच मालक ठेवायचा नाही हे आजच्या इतिवृत्तात लिहून घेतले.

शनिवार, २८ जून २०२५

पालखीमार्गावरील गर्दीमुळे एसटी वेळेवर मिळाली नाही आणि येणे झाले नाही. तिजोरी उघडण्याच्या वाक्यांशासाठी, म्हणजे अनेक शब्दांच्या पासवर्डसाठी लागणाऱ्या शब्दयादीचे काम फोनवरून वाटून दिले.

शनिवार, ५ जुलै २०२५

तिजोरी जर एका वाक्यांशाने उघडणार असेल, तर तो वाक्यांश हीच आता सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. तो यादृच्छिक हवा, लक्षात राहणारा हवा आणि बाईंना, सचिवांना परका वाटू नये असा हवा. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१६ साली फासे टाकून शब्द निवडण्यासाठी १,२९६ छोट्या इंग्रजी शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली होती. चार फासे टाकले की सहा गुणिले सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे नेमक्या तेवढ्याच शक्यता होतात. ती यादी मी बाईंपुढे ठेवली तेव्हा त्या म्हणाल्या की, हे शब्द मला वाचता येतात, पण आठवणार नाहीत. मग मराठी शब्दांची यादी आपणच करायची असे ठरले.

यात मला आधी न सुचलेली अडचण आली. देवनागरीत टंकलेखन करावे तर कार्यालयातील संगणकावर इनस्क्रिप्ट आहे आणि बाईंच्या फोनवर उच्चारानुसारी कळफलक. शिवाय ‘दुसऱ्या’मधील ‘ऱ’ हे अक्षर दिसायला एकच असले तरी संगणकात दोन प्रकारे साठवले जाऊ शकते, आणि तिजोरीच्या दृष्टीने ते दोन वेगळे वाक्यांश ठरू शकतात. रोमन अक्षरांत लिहावे तर ‘भाकरी’त ‘क’नंतर एक जण ‘ए’ लिहितो, दुसरा लिहीत नाही; ‘वेलची’ची सुरुवात बाई ‘व्ही’ने करतात तर लिपिक ‘डब्ल्यू’ने. त्यावर तोडगा लिपिकाने सुचवला आणि तो उत्तम ठरला. बाई, सचिव आणि तो स्वतः अशा तिघांनी प्रत्येक शब्द एकमेकांचे न पाहता रोमन अक्षरांत लिहायचा, आणि तिघांचे लेखन तंतोतंत जुळेल तेवढेच शब्द ठेवायचे. बालविभागातील पुस्तकांतून काढलेल्या सुमारे १,९०० शब्दांपैकी १,३४० टिकले. त्यांतून अशुभ वाटणारे आणि एकमेकांसारखे दिसणारे काढून बरोबर १,२९६ ठेवले. ‘डोंगर’, ‘पुस्तक’, ‘नदी’ राहिले. ‘वेलची’ आणि ‘भाकरी’ गेल्या.

मग वाचनालयाच्या लांब टेबलावर साप-शिडीच्या खेळातले फासे आणून प्रत्येकाने स्वतंत्रपणे सहा शब्द काढले. एका शब्दामागे साधारण १०.३ बिट म्हणजे सहा शब्दांमागे सुमारे ६२ बिट अनिश्चितता मिळते (प्रत्येक बिटमागे शक्यता दुप्पट होतात). त्यावर बिटवॉर्डन वाक्यांशापासून किल्ली काढताना मुळातच सहा लाख फेऱ्यांची गणना करत असल्यामुळे, एक एक अंदाज करून पाहणाऱ्याला प्रत्येक अंदाजाची किंमत मोजावी लागते. शब्द आवडले नाहीत म्हणून पुन्हा फासे टाकायचे नाहीत हा नियम मी आधीच सांगितला होता, कारण आवडीनुसार निवड सुरू झाली की फासे निरर्थक होतात. सचिवांना आलेले सहा शब्द त्यांनी मनाशी पुटपुटून पाहिले, आणि त्यांची एक ओळ जुळल्यासारखे वाटून आज बऱ्याच दिवसांनी ते हसले.

शनिवार, १२ जुलै २०२५

आज मुख्य ईमेल खात्याची पासकी केली. गूगल खात्यांसाठी ही सोय मे २०२३ पासून आहे.

पहिलाच प्रयत्न चुकीच्या जागी गेला. कार्यालयातील संगणकावर विंडोज १० आणि क्रोम आहे, आणि त्यात बिटवॉर्डनचे विस्तारक (एक्स्टेन्शन) बसवलेले आहे. पासकी तयार करा असे म्हटल्यावर आधी बिटवॉर्डनची लहान खिडकी उघडते. तिच्यात खाली उपकरण किंवा हार्डवेअर किल्ली (पासकी साठवणारे वेगळे छोटे साधन) वापरण्याचाही पर्याय असतो. लिपिकाने घाईत तो दाबला, विंडोजची स्वतःची खिडकी आली, तिने संगणकाचा पिन मागितला, त्याने तो दिला, आणि “पासकी तयार झाली” असा संदेश आला. सगळ्यांना आनंद झाला. पण तिजोरीत काहीच नव्हते. खात्याच्या सुरक्षा पानावरील यादीत पाहिले तेव्हा त्या पासकीपुढे ‘विंडोज हॅलो’ असे नाव दिसले, म्हणजे ती त्या एका यंत्रातच राहिली होती आणि यंत्र बिघडले की तीही गेली असती. ती काढून टाकली आणि दुसऱ्यांदा नीट केली. या प्रसंगावरून एक पायरी कायमची घालून घेतली: संदेशावर विसंबायचे नाही, पासकी केल्यावर संकेतस्थळाची यादी आणि तिजोरी ही दोन्ही ठिकाणे उघडून पाहायची. यादी पाहताना आणखी एक सापडले. लिपिकाच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर हे खाते पूर्वी उघडलेले असल्यामुळे त्या फोनच्या नावाने एक पासकी आपोआप तयार झालेली होती. त्याच्याशी बोलून फोनवरून खाते काढले आणि ती पासकीही रद्द केली.

त्याच्या फोनची अडचण अपेक्षेप्रमाणेच आली. अँड्रॉइड १३ असल्यामुळे त्याला बिटवॉर्डनमधील पासकी फोनवर वापरता येत नाही. क्यूआर संकेत दाखवून एखाद्या दुसऱ्या फोनने संगणकावर लॉगइन करण्याची पद्धतही आम्ही करून पाहिली, पण तिच्यात फोन खरोखर जवळ आहे हे ब्लूटूथने तपासले जाते आणि आमच्या संगणकात ब्लूटूथच नाही. ही अट त्रासदायक वाटली तरी ती रास्त आहे; ती नसती तर दूरवरच्या चोराने आपल्याला क्यूआर पाठवून आपल्याच बोटाने त्याचे लॉगइन करून घेतले असते. सध्या लिपिक फक्त कार्यालयातील संगणकावरूनच काम करील असे ठरले, आणि खरे सांगायचे तर रात्री साडेनऊला त्याच्या फोनवर येणारे संस्थेचे ईमेल बंद झाल्याने त्याच्या घरच्यांनाही बरे वाटेल.

पासकी केली म्हणजे पासवर्ड नाहीसा होत नाही. तो मागच्या दारासारखा राहतो, आणि बनावट पान नेमके त्याच दाराकडे नेते: “पासकी सध्या चालत नाही, पासवर्ड आणि ओटीपी टाका.” म्हणून पासवर्ड बदलून तिजोरीने तयार केलेला २८ अक्षरी पासवर्ड ठेवला, जो आमच्यापैकी कोणीही वाचलेला नाही. एसएमएसने येणारा ओटीपी काढून टाकला. चौघांसाठी एकच नियम लिहून दिला: तिजोरीने स्वतःहून पासकी किंवा पासवर्ड पुढे केला नाही, तर हाताने उतरवून टाकायचा नाही, तिथेच थांबून मला किंवा बाईंना फोन करायचा. रात्री अकरा वाजता केला तरी चालेल.

शनिवार, १९ जुलै २०२५

ग्रंथालयाचे संकेतस्थळ गिटहब या सेवेवर ठेवलेले आहे. तिथे पासकी करायला चार मिनिटे लागली. तिथली पासकी वापरली की दुसरी पायरी वेगळी विचारली जात नाही, कारण किल्ली जवळ असणे आणि ती उघडणाऱ्याची खात्री पटणे ही दोन्ही कामे तिच्यातच होतात. गिटहबने दिलेले १६ पुनर्प्राप्ती संकेत छापून घेतले.

बाकीच्या खात्यांबाबत निराशा झाली. बँक, वीज, दूरध्वनी आणि बहुतेक ग्रंथविक्रेते यांच्याकडे पासकीची सोय नाही. २३ पैकी सहा खाती पासकीवर गेली, चार खाती कोणाला कशासाठी उघडली होती हेच आठवत नसल्याने बंद केली आणि तेरांना वेगवेगळे लांब पासवर्ड दिले. तरीही या तेरांचा फायदा कमी नाही: तिजोरी पासवर्ड भरून देण्याआधी संकेतस्थळाचा पत्ता जुळवून पाहते, त्यामुळे पासकीचा निम्मा गुण त्यांनाही मिळतो.

एक तांत्रिक नोंद. तिजोरीतील नोंदीची प्रत काढली तर पासकी त्या प्रतीत जात नाही, हे लिपिकाच्या लक्षात आले. वैयक्तिक तिजोरीतून सामायिक तिजोरीत नेताना प्रत न काढता मूळ नोंदच हलवावी.

शनिवार, २६ जुलै २०२५

आजची नोंद सविस्तर लिहितो, कारण आज आमची व्यवस्था अपुरी ठरली.

सगळे सुरळीत चालले असताना मी रंगीत तालीम घ्यायचे ठरवले. प्रसंग असा कल्पिला की, रात्री कार्यालयातील संगणक चोरीला गेला आहे, बाईंचा फोन पाण्यात पडून बंद झाला आहे, लिपिक रजेवर आहे, सचिव रुग्णालयात आहेत, माझा फोन लागत नाही, आणि सोमवारी दुपारपर्यंत एक कागद ईमेलने पाठवायचाच आहे. बाईंच्या हातात फक्त शेजारच्या झेरॉक्सच्या दुकानातील एक संगणक आणि डोक्यातील सहा शब्द. दुकानातील संगणकावर तिजोरी उघडणे एरवी आम्ही कधीच करणार नाही, म्हणून तालमीसाठी मी माझाच कोरा लॅपटॉप दिला.

बाईंनी सहा शब्द न चुकता टाकले. बिटवॉर्डनने सांगितले की, हे उपकरण ओळखीचे नाही, तुमच्या ईमेलवर पडताळणीचा संकेत पाठवला आहे. दुहेरी पडताळणी चालू नसलेल्या खात्यांसाठी २०२५ च्या सुरुवातीपासून ही पायरी आहे, आणि दुहेरी पडताळणी आम्ही “पुढच्या आठवड्यात करू” म्हणून ठेवून दिली होती. बाईंचे खाते ग्रंथालयाच्या ईमेलवरच उघडलेले होते. ईमेल उघडायला पासकी हवी, पासकी तिजोरीत, आणि तिजोरी उघडायला ईमेलमधील संकेत हवा. ईमेलचा पासवर्ड आम्ही मोठ्या हौसेने कोणालाही माहीत नसलेला ठेवला होता, तोही तिजोरीतच. बाईंनी हात मांडीवर ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, “कपाटाची किल्ली कपाटात ठेवून आपण कपाट लावलं.”

मला त्या क्षणी जी भीती वाटली ती लिहून ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो. बिटवॉर्डनकडे तिजोरीची किल्ली नसते. वाक्यांश विसरला किंवा वाट बंद झाली तर ते आपल्याला आत घेऊ शकत नाहीत, आणि याच कारणासाठी आम्ही त्यांची निवड केली होती. प्रत्यक्षात हा प्रसंग आला असता, तर माझा फोन लागेपर्यंत ग्रंथालय स्वतःच्या पत्रव्यवहारापासून तुटले असते. चोराला बाहेर ठेवण्याचा विचार मी सात आठवडे केला. मालकाला आत कसे यायचे याचा विचार तालीम होईपर्यंत पुरेसा केला नव्हता.

शनिवार, २ ऑगस्ट २०२५

गेल्या शनिवारची गाठ सोडवली.

दोन हार्डवेअर सुरक्षा किल्ल्या मागवल्या होत्या, त्या आल्या. बाईंच्या आणि माझ्या तिजोरीच्या दुहेरी पडताळणीसाठी दोन्ही किल्ल्या नोंदवल्या. सचिव आणि लिपिक यांच्यासाठी फोनवरील संकेत देणारे ॲप चालू केले. यामुळे नव्या उपकरणावर ईमेलचा संकेत मागितला जात नाही आणि चक्र तुटते. याशिवाय ईमेल खात्यासाठी वेगळी पासकी दोन्ही हार्डवेअर किल्ल्यांवर केली, म्हणजे उद्या तिजोरीच उपलब्ध नसली तरी ईमेल उघडेल. एकाच खात्याला अनेक पासकी असू शकतात ही गोष्ट मी आधी सोय म्हणून पाहत होतो. आता ती मला आवश्यक वाटते.

एक किल्ली बाईंच्या घरी राहील. दुसरी लोखंडी कपाटात, जिथे दानपत्रे आणि जुनी हस्तलिखिते ठेवलेली आहेत. त्याच कपाटात एक जाड लखोटा ठेवला: ईमेलचे दहा आठ अंकी राखीव संकेत, गिटहबचे संकेत, तिजोरीचा पुनर्प्राप्ती संकेत आणि बाईंचे सहा शब्द. लखोट्याच्या चिकटवलेल्या कडेवर गुरुजी आणि बाई या दोघांच्या आडव्या सह्या घेतल्या, जेणेकरून उघडला गेल्यास कळेल. वाक्यांश कागदावर लिहिण्याबाबत मी बराच वेळ साशंक होतो. शेवटी असा विचार केला की, आमच्यावर जे हल्ले होतात ते हजारो मैलांवरून होतात आणि त्यांना हे कपाट दिसत नाही, तर बाईंचे वय एकसष्ट आहे आणि माणसाचे काही सांगता येत नाही.

तिजोरीचा बॅकअपही घेतला. सीएसव्ही स्वरूपात निर्यात केली तर पासकी त्यात येत नाहीत. जेसन स्वरूपात येतात. म्हणून पासवर्डने कुलूपबंद केलेली जेसन फाइल पेनड्राइव्हवर घेऊन तीही कपाटात ठेवली.

दुपारी तीच तालीम पुन्हा घेतली. बाई अकरा मिनिटांत ईमेलपर्यंत पोहोचल्या. त्यांतील चार मिनिटे लखोटा न फाडता कपाट उघडण्यातच गेली.

शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

राखीपौर्णिमा असल्याने काम थोडेच झाले, पण एक गंभीर प्रश्न पुढे आला. लिपिकाला जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी मिळाली असून तो महिनाअखेरीस जाणार आहे. त्याचे अभिनंदन. सामायिक तिजोरीतून त्याचे नाव काढले की पुरे, असे सचिवांना वाटत होते. ते पुरे नाही, कारण ज्याच्याकडे पासकी वापरण्याचा अधिकार होता त्याला तिची प्रत बाहेर काढणेही शक्य होते. त्याच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे आणि हे मी त्याच्यासमोरच म्हणालो. तरीही माणूस कोणताही असो, तो गेला की सामायिक पासकी संकेतस्थळावर रद्द करून नवी करायची, असा नियम असायला हवा, म्हणजे तो विश्वास-अविश्वासाचा प्रश्न उरत नाही. उलट, नियमाची पहिली अंमलबजावणी त्यानेच स्वतःच्या हाताने करून द्यावी अशी मी विनंती केली आणि त्याने ती मान्य केली.

यातच दुसरी बारीक गोष्ट: केवळ तिजोरीतील नोंद पुसली तर संकेतस्थळाकडील सार्वजनिक किल्ली तशीच राहते आणि कोणाकडे प्रत असेल तर ती चालते. रद्द करण्याची खरी जागा संकेतस्थळ आहे. आधी तिथे, मग तिजोरीत.

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

सभासदांसाठी आणि शेजारच्या दोन वाचनालयांसाठी माहितीपत्रक लिहायला घेतले. ‘पासकी’ला मराठी शब्द द्यावा का, यावर बराच वेळ चर्चा झाली. ‘प्रवेशकिल्ली’ सचिवांनी सुचवला आणि तो अर्थाने नेमका आहे. पण फोनच्या पडद्यावर ‘पासकी’ हेच दिसणार असेल, तर पत्रकात दुसरा शब्द वाचून आलेला माणूस तिथे गोंधळेल. म्हणून पहिल्या वाक्यात ‘पासकी, म्हणजे त्या त्या संकेतस्थळापुरती प्रवेशकिल्ली’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘पासकी’ ठेवला.

पत्रकासाठी एक प्रात्यक्षिकही तयार केले. माझ्याच लॅपटॉपवर, बाहेर कोणाला न दिसेल असे, दोन जवळपास सारख्या नावांचे दोन पत्ते चालवले आणि दोन्हींवर हुबेहूब एकच लॉगइन पान ठेवले. सचिवांना मुद्दाम बोलावले. पहिल्या पानावर त्यांनी बटण दाबले, तिजोरीने पासकी पुढे केली, ते आत गेले. दुसऱ्यावर त्यांनी तेच बटण दाबले आणि तिजोरीने काहीच दाखवले नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला, पत्त्याची ओळ दोनदा वाचली आणि मला म्हणाले, “मला अजूनही फरक दिसत नाहीये.” मी त्यांना सांगितले की, तो दिसण्याची आता गरज नाही.

पासकीने काय होत नाही हेही पत्रकात स्पष्ट लिहिले आहे. संगणकात घातक कार्यक्रम शिरला, तर तो लॉगइन झालेल्या ब्राउझरमधील सत्राची खूण चोरू शकतो आणि तिथे पासकीचा इलाज चालत नाही. कार्यालयातील ब्राउझर तपासला असता कोणी बसवली हे माहीत नसलेली दोन विस्तारके सापडली, ती काढली.

शनिवार, ३० ऑगस्ट २०२५

वाचनालयात गणपती बसले आहेत, त्यामुळे टेबल आरासाच्या सामानाने भरले होते आणि काम बाईंच्या खोलीत केले. लिपिकाने जाण्यापूर्वी सहाही सामायिक पासकी संकेतस्थळांवर रद्द करून नव्या केल्या, बाईंनी शेजारी बसून प्रत्येकीची खूण यादीवर केली, आणि शेवटी त्याचे नाव सामायिक तिजोरीतून काढले. हार्डवेअर किल्ल्यांवरील पासकींना हात लावायची गरज नव्हती, कारण त्या त्याच्याकडे कधीच नव्हत्या. नवा पेनड्राइव्ह कपाटात गेला, जुना पुसला.

उरलेली कामे अशी. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपतो आणि आमचा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही. नव्या संगणकाची अंदाजपत्रकात तरतूद करण्यासाठी सचिव पुढच्या सभेत अर्ज ठेवतील, आणि त्यात ब्लूटूथ असावे अशी नोंद मी करून दिली आहे. बँकेकडे पासकीच्या सोयीबाबत लेखी विचारणा करायची आहे. पुढची तालीम दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी घेऊ. त्या वेळी बाईंऐवजी सचिव तिजोरी उघडतील, आणि मी गावात नसेन.